मदरबोर्ड बदलून देणे ही कृपा नव्हे

एखाद्या बड्या कंपनीने आपला सदोष माल बाजारातून परत मागविल्याची घोषणा केली की अर्थविषयक पानांवर तिच्या सचोटीचे पोवाडे सुरू होतात. कंपनीने किती कोटींचा भार स्वतःहून सोसला, तिच्या समभागांचा भाव किती घसरला आणि पुन्हा किती सावरला, याची चर्चा आठवडाभर चालते. ज्याच्या घरात अथवा दुकानात तो सदोष माल येऊन पडला आहे त्याला तो बदलून मिळाला काय, पैसे परत मिळाले काय, मिळाले असल्यास किती खेटे घातल्यानंतर मिळाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. संगणकाच्या मदरबोर्डाची कथा ही अशा न विचारलेल्या प्रश्नांचीच कथा आहे.

संगणक ही मध्यमवर्गाची चैन आहे, तेव्हा त्याच्या नादुरुस्तीचे रडगाणे चळवळीने कशासाठी गावे, असा आक्षेप काही जुने कार्यकर्ते घेतील. त्यांनी नागपूरच्या नंदनवन भागात एक फेरी मारावी. मजकूर जुळवून देणारा, विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल छापून देणारा, शिष्यवृत्तीचे, नोकरीचे आणि शिधापत्रिकेचे अर्ज भरून देणारा माणूस तेथे एकाच संगणकावर आपला संसार चालवितो. जगनाडे चौकालगतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही संगणकावाचून गत नाही. शिंप्याचे शिलाई यंत्र किंवा विणकराचा माग यांना जे स्थान आहे तेच या यंत्राला आहे. ते उत्पादनाचे साधन आहे आणि ते बंद पडले की त्या दिवसाची मजुरी बुडते. १९७२ साली महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या तेव्हाही ही स्वयंपाकघराची बाब आहे असे म्हणून नाक मुरडणारे होतेच. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी त्या स्वयंपाकघरातूनच राजकारण उभे केले, हा इतिहास फार जुना नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेल या अमेरिकन कंपनीने जाहीर केले की तिच्या नव्या ६-मालिकेतील चिपसेटच्या रचनेत चूक राहून गेली आहे. चिपसेट ही मदरबोर्डावर कायमची डाख देऊन बसविलेली चिप. प्रोसेसर, हार्ड डिस्क आणि इतर भाग यांच्यातील देवघेव तिच्यामार्फत चालते. हार्ड डिस्क जोडण्यासाठी या चिपसेटवर सहा पोर्ट होते. त्यांपैकी दोन निर्दोष होते, तर उरलेल्या चारांची क्षमता वापराबरोबर हळूहळू क्षीण होण्याचा धोका होता. हे संगणक ९ जानेवारीपासूनच बाजारात येऊ लागले होते, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांत हा उत्पात उघडकीस आला. दुरुस्ती आणि बदली यांसाठी ७० कोटी डॉलर खर्च येईल आणि विक्रीत ३० कोटी डॉलरची घट होईल, असा अंदाज कंपनीने स्वतःच दिला.

७० कोटी डॉलर हा आकडा ऐकून डोळे दिपतात. परंतु २०१० साली याच कंपनीची विक्री ४३ अब्ज डॉलरहून अधिक होती. शंभर रुपयांच्या विक्रीमागे दीड रुपयाहून किंचित अधिक, एवढाच हा भार. तो हिशेबाच्या वहीत एका ओळीत नोंदविला जातो, करआकारणीपूर्वीच्या नफ्यातून वजा होतो आणि पुढल्या तिमाहीत विसरला जातो. ज्याची वहीच नाही अशा माणसाच्या नुकसानीची नोंद मात्र कोठेच होत नाही.

समजा, त्या जानेवारीत नंदनवनातील एका मजकूर जुळविणाऱ्याने बर्डीवरून हा नवा मदरबोर्ड आणि त्याला साजेसा प्रोसेसर विकत घेतला. परत मागविल्याची बातमी त्याने वाचली. आता त्याने कोठे जावे? चिप अमेरिकन कंपनीची, परंतु त्याच्या हाती जो बोर्ड आहे त्यावर बहुधा तैवानमधील एखाद्या कंपनीचे नाव आहे. तो बोर्ड देशात आणला आयातदाराने, नागपूरपर्यंत पोहोचविला वितरकाने आणि विकला दुकानदाराने. दुकानदार वितरकाकडे बोट दाखवितो, वितरक सेवाकेंद्राकडे, सेवाकेंद्र मुख्य कार्यालयाकडे आणि मुख्य कार्यालय म्हणते की नवा माल येईपर्यंत थांबा. या टोलवाटोलवीत खोटे कोणीच बोलत नसेल. साखळीतील प्रत्येक दुव्याला आपापल्या पुरते कारण आहे. कारण नसलेला एकच माणूस त्या साखळीत आहे, तो म्हणजे पैसे मोजणारा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

अशा वेळी, बदली नको असेल तर पैसे परत घ्या, असे सांगितले जाते. वरवर हा पर्याय उदार वाटतो. वस्तुतः त्यात मेख आहे. त्या मालिकेतील प्रोसेसर नव्या ११५५ टाचण्यांच्या बैठकीसाठी बनविलेले होते, ते जुन्या बोर्डात बसत नव्हते. आणि त्या बैठकीचे त्या वेळी जेवढे बोर्ड बाजारात होते ते सर्व याच सदोष चिपसेटवर उभे होते. याचा अर्थ असा की बोर्डाचे पैसे परत घेणाऱ्याच्या हाती जो प्रोसेसर उरला, तो चालविण्यासाठी त्या घटकेस बाजारात एकही निर्दोष बोर्ड नव्हता. बोर्ड सदोष होता, प्रोसेसर नव्हता. म्हणून बोर्डाचे पैसे परत, प्रोसेसरचे नाही. चाक परत घ्यावे आणि गाडी ग्राहकाच्या दारात सोडून द्यावी, असा हा न्याय. यंत्राच्या एका भागाची परतफेड म्हणजे यंत्राची परतफेड नव्हे, हे साधे तत्त्व कोणत्याही घोषणेत आढळत नाही.

बदली स्वीकारणाऱ्याचीही सुटका सोपी नव्हे. बोर्ड बदलायचा म्हणजे सारे यंत्र उकलायचे, हार्ड डिस्कवरील मजकूर दुसरीकडे सुरक्षित ठेवायचा, नवा बोर्ड बसवायचा आणि पुष्कळदा संगणकप्रणालीच्या परवान्यासाठी पुन्हा खटपट करायची, कारण संगणकाबरोबर मिळालेला परवाना सामान्यतः त्या बोर्डाशीच बांधलेला असतो. सदोष भागाच्या बदल्यात बसविलेल्या बोर्डाला त्यातून सवलत असते, पण ती मागणारानेच दूरध्वनी करून मिळवायची. या कामाचे दिवस, येण्याजाण्याचा खर्च, कारागिराची मजुरी यांची भरपाई त्या ७० कोटी डॉलरमधून नंदनवनापर्यंत पोहोचावी, अशी कोणतीही सोपी वाट नव्हती. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य खर्च म्हणतात त्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. चूक कारखान्यात होते आणि तिचा खर्च उत्पादकाच्या जमाखर्चाबाहेर, शेवटच्या खरेदीदाराच्या अंगावर जाऊन पडतो.

आणखी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. घोषणेनंतर आठवडाभरातच, ७ फेब्रुवारी २०११ रोजी, ज्या संगणकांत सदोष पोर्ट वापरलेच जाणार नाहीत अशा संगणकांसाठी तोच चिपसेट पुन्हा पाठविण्यास कंपनीने प्रारंभ केला. निर्दोष दोन पोर्टच वापरले तर यंत्र बिघडणार नाही, हे तांत्रिकदृष्ट्या खरे होते. पण आपल्या यंत्रात कोणती चिप आहे आणि पुढे आणखी एक हार्ड डिस्क जोडली तर काय होईल, हे खरेदीदाराने कसे ओळखावे? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे विवेचन करताना दाखवून दिले की विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला ती ठाऊक नाही अशा बाजारात खुल्या स्पर्धेचे सारे गुणगान फोल ठरते. या विवेचनासाठी पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. बाजाराची भक्ती करणारे हे पारितोषिक अभिमानाने सांगतात, त्यामागील निष्कर्ष मात्र सोयीस्करपणे विसरतात.

स्पर्धाच कंपन्यांना शिस्त लावते, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी याच कंपनीचे १९९४ चे प्रकरण आठवावे. पेन्टियम प्रोसेसर विशिष्ट भागाकारांत चुकीचे उत्तर देतो, हे व्हर्जिनियातील लिंचबर्ग महाविद्यालयाचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या ध्यानी आले. जोडमूळ संख्यांवरील आपल्या संशोधनाची आकडेमोड जुळेना म्हणून त्यांनी कारण शोधले होते. कंपनीची प्रथम भूमिका काय होती? सामान्य माणसाला या चुकीचा उपद्रव हजारो वर्षांतून एकदा होईल, तेव्हा ज्याला अचूक आकडेमोडीची गरज आहे हे पटवून देता येईल त्यालाच प्रोसेसर बदलून मिळेल! पैसे पूर्ण मोजलेल्या ग्राहकाने बरोबर भागाकाराची आपली पात्रता सिद्ध करावी, असा हा उद्दामपणा होता. लोकांत संतापाची लाट उसळली. १२ डिसेंबर १९९४ रोजी आयबीएमने त्या प्रोसेसरचे संगणक पाठविणे थांबविले. त्यानंतर आठच दिवसांत, २० डिसेंबरला, मागेल त्याला बदलून देण्याचे इंटेलला जाहीर करावे लागले आणि ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. त्या प्रोसेसरचे गुणदोष बाजाराला आपण होऊन कळले नव्हते. एका प्राध्यापकाचा चिवटपणा, हजारो ग्राहकांचा आवाज आणि एका बलाढ्य खरेदीदाराचा बहिष्कार एकत्र आले तेव्हा कंपनी नमली. २०११ साली तिने अधिक तत्परता दाखविली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती तत्परता १९९४ च्या चपराकीचे फळ होती, असे म्हणण्यास भरपूर जागा आहे.

मग भारतात कायदा नाही काय? आहे, आणि तो कागदावर दुबळाही नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आला आणि जुलै २०२० पासून तो अमलात आला. विकलेला सदोष माल पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. नंदनवनच्या माणसाने न्यायासाठी मुंबईला किंवा बंगळूरला जाण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीस तक्रारीचे शुल्क नाही. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे चारही आदेश आयोग देऊ शकतो. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा माणूस व्यापारी न ठरता ग्राहकच ठरतो, हीदेखील या कायद्यातील समंजस तरतूद आहे.

पण मदरबोर्डाच्या प्रश्नाला हा कायदा जेथे हात घालतो तेथेच त्याची बोटे आखूड पडतात. माल परत मागविण्याचा आणि त्याची किंमत परत करविण्याचा अधिकार कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे, परंतु तो धोकादायक, घातक किंवा असुरक्षित वस्तूंपुरता. २०२२ साली याच अधिकारात प्राधिकरणाने अॅमेझॉनवरून विकले गेलेले २,२६५ सदोष प्रेशर कुकर परत मागवून ग्राहकांना पैसे परत देण्याचा आदेश काढला. तशा आदेशांना पुढे उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले हे खरे, पण कंपनीच्या मर्जीची वाट न पाहता सार्वजनिक संस्था माल परत मागवू शकते एवढे त्यातून दिसले. कुकर फुटला तर माणूस भाजतो, म्हणून तो धोकादायक. मदरबोर्डाचे पोर्ट मंद मंद मरत गेले आणि हार्ड डिस्कवरील वर्षाचे काम नाहीसे झाले, तर कोणी भाजत नाही. म्हणून तो बोर्ड केवळ सदोष, आणि सदोष वस्तू सरसकट परत मागविण्याचा अधिकार कोणालाच नाही! उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण कायद्यात आहे. पण तेथे हानीची व्याख्या करताना खुद्द त्या वस्तूचे नुकसान आणि व्यापारी अथवा आर्थिक तोटा, दोन्ही वगळले आहेत. उरला एकच मार्ग: प्रत्येकाने सुटी तक्रार करायची, दोष आहे हे प्रयोगशाळेकडून सिद्ध करवायचे, तपासणीचे शुल्क आधी स्वतः भरायचे आणि तारखा मोजायच्या. तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. अपेक्षा आणि अनुभव यांतील अंतर वकिलांना विचारावे.

याहून निराळा कायदा करणे अशक्य आहे काय? मुळीच नाही, कारण तो याच देशात, याच संसदेने, त्याच वर्षी केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात घातलेले ११०-अ हे कलम पाहावे. सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश सरकार देऊ शकते. दोष एखाद्या सुट्या भागात असेल तर तो भाग ज्या ज्या वाहनात आहे ती सर्व वाहने, प्रकार कोणताही असो, परत मागविता येतात. परत मागविलेल्या वाहनाची उत्पादकाने पूर्ण किंमत द्यावी, किंवा तशीच अथवा अधिक चांगली वस्तू द्यावी, किंवा दुरुस्त करून द्यावी आणि वर दंड भरावा. दोष ध्यानी येताच त्याने स्वतःहून सरकारला कळवावे. चिपसेटच्या प्रश्नाला ही भाषा जशीच्या तशी लागू पडते. एका कंपनीची चिप दहा कंपन्यांच्या बोर्डांवर बसते, म्हणून दोष भागाचा आणि जबाबदारी सर्वांची, हे तत्त्व येथेही हवे. मोटारीसाठी जे शक्य झाले ते संगणकासाठी अशक्य का, याचे उत्तर उद्योगमंडळांनी द्यावे.

प्रश्न केवळ कायद्याचाही नाही. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले तेव्हा परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे आपली मालकी कमी करण्यास आयबीएमने नकार दिला आणि १९७८ मध्ये ती या देशातून निघून गेली. त्यापूर्वी परदेशात जुनी झालेली १४०१ जातीची यंत्रे डागडुजी करून भारतीय संस्थांना भाड्याने देण्याचा तिचा व्यवहार चालत असे. आता देशातील संगणक बंद पडणार, अशी हाकाटी तेव्हा झाली. ते बंद पडले नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सार्वजनिक कंपनीने त्या यंत्रांच्या देखभालीचे काम अंगावर घेतले आणि भारतीय अभियंत्यांनी ते पार पाडले. पुढे २००१ साली त्या कंपनीची मालकी टाटांकडे सोपविण्यात आली आणि २०१५ मध्ये ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली. दुरुस्तीचे ज्ञान ही सार्वजनिक मालमत्ता असू शकते, हे सिद्ध करून दाखविणारी संस्था देशाने अशी हातची घालविली. आज २०२२ च्या डिसेंबरात सुरू झालेले दुरुस्तीच्या हक्काचे सरकारी दालन आहे. पण तेथे प्रामुख्याने कंपन्या स्वतः देतील तीच माहिती मिळते. हक्क या शब्दाला एवढा स्वस्त करू नये.

म्हणून मागण्या नेमक्या असल्या पाहिजेत. एक, ग्राहक संरक्षण कायद्यातील माल परत मागविण्याचा अधिकार केवळ धोकादायक वस्तूंपुरता न ठेवता, एकाच रचनेच्या चुकीने सदोष ठरलेल्या सर्व वस्तूंना लागू करावा. दोन, बदली की परतफेड, ही निवड ग्राहकाची असावी. आणि परतफेड करताना त्या भागावाचून निरुपयोगी ठरणाऱ्या जोडीच्या भागांचीही किंमत द्यावी. तीन, यंत्र उकलण्या-बसविण्याची मजुरी आणि बुडालेले दिवस यांची ठरावीक भरपाई कायद्यातच नमूद व्हावी. चार, परत मागविल्याची सूचना, अनुक्रमांकांच्या यादीसह, उत्पादकाने मराठीत आणि प्रत्येक विक्रेत्याच्या दुकानात लावावी. पाच, दोषाच्या तपासणीसाठी राज्य सरकारला प्रयोगशाळांना मान्यता देण्याचा जो अधिकार कायद्याने आहे तो वापरावा. नागपुरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. तेथील प्रयोगशाळांत मदरबोर्डाची तपासणी होऊ नये असे कोणतेही कारण नाही.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्यांनी हात जोडून बसण्याचे कारण नाही. पावतीचा आग्रह धरा, पावती न देणे हीसुद्धा कायद्याने अनुचित प्रथा आहे. बोर्डाचा अनुक्रमांक पावतीवर लिहून घ्या. वस्तीत एकाच प्रकारचा दोष चार जणांना आढळला तर चार सुट्या तक्रारी करू नका. समान हिताच्या अनेक ग्राहकांच्या वतीने आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते. ग्राहकवर्गाच्या हक्कभंगाची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे देता येते आणि चौकशी करणे हे त्याचे काम आहे. नागपूरच्या जिल्हाधिकारी कचेरीवर आजवर पाण्यासाठी, धान्यासाठी, संत्र्याच्या भावासाठी मोर्चे गेले. सदोष बोर्डाचे दहा डबे घेऊन दहा माणसे तेथे गेली तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

१९९४ साली चुकीचा भागाकार करणाऱ्या कंपनीने, बरोबर उत्तराची गरज सिद्ध करा, असे ग्राहकाला सांगितले होते. ती मागणी उलटविण्याची वेळ आली आहे. पैसे पूर्ण मोजून सदोष माल ज्याच्या गळ्यात पडला त्याने काहीच सिद्ध करावयाचे नसते. सिद्ध करावयाचे असेल तर ते ज्याने तो माल बनविला आणि ज्या सरकारने तो विकू दिला त्यांनी करावे. नंदनवनातील मजकूर जुळविणाऱ्याच्या टेबलावरचे यंत्र एक दिवस बंद राहिले तर त्या दिवसाचा हिशेब कोणाच्या वहीत लिहायचा, एवढाच प्रश्न आहे; आणि त्याचे उत्तर कंपनीच्या औदार्यावर सोपविता येणार नाही.